लोहाराचा नारळ

बाजारात नारळ घेताना आपण तो कानाशी धरून हलवतो. आत पाणी वाजलं की नारळ पिशवीत जातो. ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या घरातही एक नारळ अधूनमधून असाच हलवून बघितला जातो, पण तो खायचा नसतो आणि फोडायचाही नसतो. घराच्या आग्नेय बाजूच्या खांबाला, माणसाच्या डोक्याच्या वर, बांबूच्या किंवा लाकडाच्या छोट्या चौकटीत तो बसवलेला असतो. देठ शाबूत, आणि डोक्याला फेटा बांधावा तसं लाल कापड गुंडाळलेलं. पाणी वाजेनासं झालं, नारळाचा गोटा झाला, की तो उतरवायचा आणि त्या जागी नवा ठेवायचा.

हा नारळ एका लोहाराचा आहे. त्याला एका राजाने जिवंत जाळलं. त्याच्या अंगाची आग शांत व्हावी म्हणून घराघरांत पाणी भरून ठेवलेलं असतं. नारळाइतकं स्वच्छ, बंदिस्त आणि थंड पाणी दुसरीकडे कुठे मिळणार?

लोहाराचं नाव मौंग तिंत दे. देव झाल्यावरचं नाव मिन महागिरी, म्हणजे महापर्वताचा स्वामी. ‘महागिरी’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तो ज्या डोंगरावर राहतो त्या ‘पोपा’ या नावामागेही आपला ‘पुष्प’ आहे. ज्या झाडाला बांधून त्याला जाळलं, त्याला बर्मी लोक ‘सगा’ म्हणतात. आपण त्याला सोनचाफा म्हणतो.

तगाउंगची भट्टी

मंडालेच्या उत्तरेला, इरावतीच्या काठी, तगाउंग नावाचं जुनं शहर होतं. बर्मी इतिहासकथांत हे आद्य राजधानीचं ठिकाण. राजा बाजीडॉ याने 1829 साली पंडितांची समिती नेमून जी बखर लिहवून घेतली, ती ‘काचमहालाची बखर’ म्हणून ओळखली जाते. लोहाराची कथा तिच्यातही आहे, आणि गावोगावच्या तोंडी परंपरेत तर ती आहेच. तपशील इकडेतिकडे होतात, पण गाभा तोच राहतो.

तिंत दे हा लोहाराचा मुलगा आणि स्वतःही लोहार. अंगात ताकद अशी, की त्याचा घण ऐरणीवर पडला की सारं शहर हादरायचं. तो हत्तीचे सुळे हातांनी मोडतो अशी ख्याती होती. त्याने कुणाला त्रास दिला, बंड केलं, कर बुडवला, असं कथेत कुठेही नाही. तो फक्त बलवान होता आणि लोक त्याचं नाव घेत होते. राजाला एवढं पुरलं. हा उद्या गादीवर बसेल, या भीतीने त्याने तिंत देला पकडायचा हुकूम सोडला. तिंत देला सुगावा लागला आणि तो रानात निघून गेला.

त्याला बाहेर काढणं बळाने जमण्यासारखं नव्हतं, म्हणून राजाने नात्याचा वापर केला. तिंत देची बहीण सॉ मे या हिच्याशी त्याने लग्न केलं, तिला राणी केलं. काही काळ गेल्यावर तो तिला म्हणाला, तुझा भाऊ आता माझा मेहुणा. त्याच्याशी कसलं वैर? त्याला बोलावून घे, शहराचा कारभार त्याच्या हाती देतो. बहिणीने निरोप धाडला. बहिणीचा निरोप म्हणून भाऊ आला.

वेशीतून आत येताच शिपायांनी त्याला धरलं, सोनचाफ्याला बांधलं, भोवती कोळसे रचले आणि ते पेटवले. मग भाते लावून आग फुलवली, असं बखर सांगते. कोळसा, विस्तव, भाता ही सारी लोहाराचीच हत्यारं. ज्या कामावर त्याचं पोट चालत होतं, त्याच कामाच्या सामानाने त्याला मारलं गेलं. हा तपशील ज्या कुणी कथेत घातला, त्याला हातावर पोट असलेल्या माणसाचं दुःख ठाऊक असणार.

बहीण धावत आली. माझ्यामुळे भाऊ गेला, म्हणत तिने आगीत उडी घेतली. राजाने तिला मागे ओढायला केस धरले, पण हाती आला तो फक्त तिचा चेहरा. बाकीचा देह भावाबरोबर जळून गेला. म्हणून तिचं नाव ‘श्वे म्येत-न्हा’, सोनमुखी. आजही तिची मूर्ती भावाच्या शेजारीच असते.

हिरवं मरण

आयुष्य पुरं करून, घरच्या माणसांत, झोपेत गेलेला माणूस बर्मी समजुतीप्रमाणे पुढच्या जन्माला जातो. पण ज्याला मारलं, जाळलं, बुडवलं, फसवलं, त्याचं मरण अपुरं राहतं. अशा मरणाला बर्मी भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘हिरवं’ असाही होतो आणि ‘कच्चं’ असाही. न पिकलेलं फळ खुडून टाकावं तसं ते मरण. असा जीव कुठेच जात नाही, तिथेच घुटमळतो आणि त्याचा ‘नत’ होतो. ‘नत’ हा शब्द आपल्या ‘नाथ’ शब्दातून आला, असं अनेक अभ्यासक मानतात.

भाऊबहिणीचे नत त्या सोनचाफ्यातच राहिले. त्या झाडाच्या सावलीत जो जाईल तो मरायचा, मग तो माणूस असो की जनावर. राजाने झाड मुळासकट उपटलं आणि इरावतीत ढकलून दिलं. ज्याला जाळून संपवता आलं नाही, त्याला पाण्यात सोडून दिलं की नजरेआड होईल, अशी त्याची समजूत असावी. पण ओंडका वाहत वाहत खाली शेकडो मैलांवर बागान शहरापाशी येऊन थांबला. तिथल्या राजाने, थिंलीजाउंगने, तो पाण्यातून काढवला. त्या लाकडातून दोघांच्या प्रतिमा कोरून घेतल्या आणि वाजतगाजत पोपाच्या डोंगरावर नेऊन बसवल्या. परंपरेनुसार हा राजा चौथ्या शतकातला.

बागानच्या कोटाचा जो एकच दरवाजा आज बऱ्यापैकी उभा आहे, त्या थराबा दरवाजाच्या दोन्ही बाजूंना दोन कोनाडे आहेत. एकात महागिरी, दुसऱ्यात सोनमुखी. एका शहराच्या वेशीत ज्यांना दगा झाला, तेच दोघे दुसऱ्या शहराच्या वेशीचे राखणदार झाले. भाविक तिथे फुलं ठेवतात, हात जोडतात आणि आत जातात.

डोंगर

बागानहून आग्नेयेला पन्नासेक किलोमीटरवर पोपा आहे. सपाट, कोरड्या, ताडांच्या मुलखातून वाट जाते आणि मग एकाएकी हिरवळ सुरू होते. पोपा हा थंड झालेला ज्वालामुखी, उंची 1,518 मीटर. त्याच्या पायथ्याजवळ, जमिनीतून सरळ वर उसळल्यासारखा एक कातळी सुळका आहे. त्याचं नाव तौंगकलाट. माथ्यावर सोनेरी कळसांची गर्दी आणि तिथवर जाणाऱ्या 777 पायऱ्या. चढताना चप्पल काढावी लागते. वाटेवर माकडांचा सुळसुळाट असतो आणि पायऱ्या पुसणारी माणसं हातात फडकं घेऊन पुढे पुढे चाललेली असतात. थोडे पैसे ठेवावेत, ही त्यांची अपेक्षा.

सुळक्याच्या पायथ्याशी नतांचं देऊळ आहे. तिथे माणसांच्या उंचीच्या, खऱ्या कपड्यांतल्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. कुणाच्या हाती तलवार, कुणाच्या हाती दारूची बाटली, कुणाच्या कानामागे खोचलेल्या नोटा. पोपावर जाताना लाल किंवा काळं नेसू नये, मांस आणि विशेषतः डुकराचं मांस बरोबर नेऊ नये, वेडंवाकडं बोलू नये, असे संकेत आहेत. शहरात शिकलेली, नत मानत नाही म्हणणारी माणसंही ते बहुधा पाळतात.

या डोंगराची आई म्हणजे पोपा मेडॉ. तिची कथा अकराव्या शतकातली, राजा अनोरथाच्या काळातली. ती फुलं खाऊन राहणारी यक्षिणी. भारतातून समुद्रमार्गे आलेला ब्यात्ता नावाचा मुसलमान जवान राजाच्या चाकरीत होता. त्याचं काम एकच, रोज पोपावर धावत जायचं आणि राजासाठी ताजी फुलं घेऊन परत यायचं. फुलं आणता आणता तो या फुलराणीवर जीव लावून बसला. एकदा उशीर झाला, आणि उशिराची शिक्षा मृत्यू होती. त्याच्यामागे त्याचे दोन मुलगे राजाच्या पदरी वाढले, पराक्रमी निघाले. तौंगब्योन इथे राजाने पगोडा बांधायला घेतला तेव्हा प्रत्येकाने एकेक वीट लावायची होती. या दोघांची वीट राहून गेली. राजाने त्यांनाही मारवलं. पगोड्याच्या आत दोन विटांच्या रिकाम्या जागा आजही भाविकांना दाखवतात.

मंडालेपासून जवळ असलेल्या तौंगब्योनला ऑगस्टच्या सुमारास या दोघा भावांची जत्रा भरते. देशातली ही सर्वांत मोठी नतजत्रा. बाप मुसलमान होता, म्हणून त्या जत्रेत डुकराचं मांस वर्ज्य. बौद्ध बहुसंख्य देशातली लाखो माणसं एका मुसलमान धावपटूच्या मुलांपुढे नारळ-केळी ठेवतात आणि त्याच्या धर्माचा मान म्हणून आपल्या ताटातला पदार्थ बाजूला काढतात. मुसलमानांविषयीचा द्वेष ज्या देशात अलीकडे इतका पेटला, त्या देशात ही जुनी रीतही जिवंत आहे, हे सांगायला हवं.

सदतीस मरणं

अनोरथाने 1044 ते 1077 राज्य केलं आणि थेरवाद बौद्ध धर्म राज्याचा धर्म केला. नतांची पूजा मोडून काढायचा प्रयत्नही त्याने केला, आणि तो फसला. मग त्याने दुसरा मार्ग धरला, असं परंपरा सांगते. बागानच्या श्वेझिगोन पगोड्याच्या आवारात त्याने नतांच्या मूर्तींना जागा दिली. लोक जुन्या देवांसाठी येतील आणि येता येता बुद्धालाही नमस्कार करतील, हा हिशेब. तोवरच्या छत्तीस नतांच्या डोक्यावर त्याने सदतिसावा बसवला, थग्यामिन. थग्या म्हणजे शक्र, आपला इंद्र. तो बुद्धाचा भक्त, म्हणून त्याच्या हाताखाली आलेले सारे नतही आपोआप बुद्धाच्या छत्राखाली आले. ही रचना आजही टिकून आहे. घरात बुद्धाचा देव्हारा वेगळा, उंचावर, आणि महागिरीचा नारळ वेगळा. पुढच्या जन्मासाठी बुद्ध, या जन्मातल्या ताप-खोकल्यासाठी, पिकापाण्यासाठी, प्रवासासाठी नत.

या सदतिसांची यादी रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने 1906 मध्ये चित्रांसह ग्रंथरूपाने छापली. ती यादी वाचत गेलं की थग्यामिन वगळता बाकीच्यांची चरित्रं जवळजवळ एकाच ठिकाणी संपतात, हे दिसतं. कुणी जाळला गेला, कुणाचा शिरच्छेद झाला, कुणी दुःखाने झुरून गेली, कुणी झोपाळ्यावरून पडला, कुणाला वाघाने मारलं. राजेही आहेत. अर्धा देश जिंकणारा तबिनश्वेती त्या यादीत आहे, पण विजयांमुळे नव्हे. 1550 साली त्याच्याच पदरच्या माणसांनी त्याचा खून केला, म्हणून. चियांग माईचा राजाही आहे. त्याला बर्मी फौजांनी बंदी करून आणलं आणि तो परमुलखात आजारपणाने गेला. ज्याला जिंकून आणलं, त्यालाच जिंकणाऱ्यांच्या प्रजेने देव करून नारळ वाहिला.

यादीत महागिरीचा सारा गोतावळा आहे. बायको आहे, धाकटी बहीण आहे, भाची आहे. ही भाची लहान मुलगी, हातात पावा घेतलेली. तान्हं मूल झोपेत हसलं की बर्मी आजी म्हणते, ती त्याला खेळवते आहे. आपल्याकडे त्याच क्षणी सटवाईचं नाव निघतं.

एकीकडे मंत्री-राजांच्या बखरी लढाया मोजत होत्या, तेव्हा दुसरीकडे सामान्य माणसं ही मरणं मोजत होती. कोण अन्यायाने गेलं, कसं गेलं, शेवटी त्याला काय हवं होतं, याची नोंद त्यांनी कागदावर ठेवली नाही. ती गाण्यात, नाचात आणि नैवेद्यात ठेवली. दारुड्या नताला दारू, फुलं खाणारीला फुलं, जळालेल्याला पाणी. जे त्यांना कमी पडलं किंवा जे त्यांच्याकडून हिरावलं गेलं, ते आता पुरवायचं.

नताची बायको

ही नोंद प्रत्यक्षात जपतात ते ‘नत-कडॉ’. शब्दाचा अर्थ नताची बायको. पूर्वी हे काम प्रामुख्याने बायका करत. आज त्यांत स्त्रीवेशात राहणारे पुरुष आणि तृतीयपंथी मोठ्या संख्येने आहेत. एरवी ज्यांना घरीदारी टोमणे ऐकावे लागतात, ते या मांडवात मानाने उभे असतात. गावचा पुढारी, पेढीवाला, शाळेतली बाई त्यांच्यापुढे हात जोडतात.

नताच्या सोहळ्याला ‘नत-प्वे’ म्हणतात. बांबूचा मांडव, एका बाजूला नतांच्या मूर्ती, समोर नारळ आणि केळ्यांच्या फण्यांची ताटं, दुसऱ्या बाजूला साइंग-वाइंग हा वाद्यमेळ. त्यातला मुख्य वादक एकवीस ढोलकांच्या गोल कड्यात बसलेला असतो आणि दोन्ही हातांनी सुरात लावलेली ती ढोलकं वाजवत असतो. सोहळा बहुधा तीन दिवसांचा. आधी बुद्धाला वंदन, मग थग्यामिन, मग एकेक नत. नत बदलला की चाल बदलते, नत-कडॉचा वेश बदलतो, फेटा बदलतो. को जी चो हा जुगारी, कोंबड्यांच्या झुंजींचा शौकीन नत आला की बाटली आणि भाजलेली कोंबडी पुढे येते, पाय अडखळू लागतात, मांडव हसतो. पण महागिरीच्या वेळी हसणं नसतं.

कुठला नत कुणाचा, हे घराण्यावर ठरतं. बर्मी माणूस आईकडचे नत आणि बापाकडचे नत दोन्ही पाळतो. कुळाचार माहेरचा की सासरचा हा पेच तिथे नाही, दोन्ही देवघरं अंगावर घ्यायची. हे सगळे आपापल्या घराण्याचे. महागिरी मात्र सगळ्यांचा. त्याला ‘एइंद्विन नत’ म्हणतात, घराच्या आतला नत.

मंडाले ते रत्नागिरी

बर्मी राजांनी महागिरीला कधी सोडलं नाही. सोळाव्या शतकात बायिन्नाउंगने पोपावर होणारे पांढऱ्या पशूंचे बळी बंद केले, पण पूजा बंद केली नाही. पुढे बोडॉपायाने भावाबहिणीसाठी सोन्याची मस्तकं पाठवली. दरबारात नतांच्या विधींसाठी वेगळे सेवक होते. ज्या गादीच्या भीतीने लोहाराला जाळलं, ती गादी पुढे शतकानुशतकं त्याच्यापुढे वाकत राहिली.

हा क्रम 1885 मध्ये तुटला. इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि शेवटचा राजा थिबॉ याला हद्दपार केलं. तो आधी मद्रासला, मग 1886 मध्ये रत्नागिरीला आला. 1910 मध्ये बांधून झालेला त्याचा राजवाडा समुद्राकडे तोंड करून आजही उभा आहे. 1916 मध्ये तो तिथेच वारला आणि त्याची समाधीही तिथेच आहे. थिबॉ पॅलेसच्या गॅलरीत उभं राहिलं की खाली माडांची दाटी दिसते. त्या राजाने तीस वर्षं परमुलखातले नारळ पाहिले. त्याच सुमारास, 1908 ते 1914, लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि ‘गीतारहस्य’ तिथेच लिहून झालं. रत्नागिरीत जन्मलेला कैदी मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, ही अदलाबदल मराठी माणसाला पाठ आहे. त्याच हद्दपारीने पोपाचा राजाश्रयही संपवला, हे मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

राजा गेला तरी नारळ राहिला, कारण तो राजाचा कधीच नव्हता. दरबाराकडून सोनं यायचं, लोकांकडून पाणी. सोनं थांबलं. पाणी ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आजची आग

1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. दुसऱ्याच दिवशी रात्री आठ वाजता यांगूनच्या खिडक्याखिडक्यांतून पातेली, झाकणं, पत्र्याचे डबे बडवल्याचा आवाज सुरू झाला. तो नुसता निषेध नव्हता. घरातून दुष्ट शक्ती हाकलायची ती पारंपरिक रीत आहे. भांडी बडवायची, म्हणजे अमंगळ उंबरठ्याबाहेर जातं. शहरातली फोनवर जगणारी तरुण मुलंही आजीची रीत घेऊन गॅलरीत उभी राहिली.

त्यानंतरच्या वर्षांत सगाइंग आणि मग्वे भागांत, म्हणजे बागान-तगाउंगच्या आसपासच्याच कोरड्या मुलखात, लष्कराने गावंच्या गावं पेटवली. हजारो घरं जळाली. लाकडाची, बांबूची, ताडाच्या झावळ्यांची घरं. अशा घरांतल्या खांबांनाच तो नारळ असतो. जाळून मारलेल्या लोहारासाठी पाणी राखणारी घरं जाळली गेली.

मला या कथेतली एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. तगाउंगच्या त्या राजासाठी कुणी काही टांगत नाही. त्याची मूर्ती नाही, जत्रा नाही, त्याच्या नावाने कुणी तान्ह्याला शांत करत नाही. कथेत त्याला शिक्षाही होत नाही. वीज पडत नाही, राज्य बुडत नाही. लोकांनी सूड मागितला नाही, की सूडाची गोष्ट रचली नाही. त्यांनी जळालेल्या माणसाची बाजू घेतली आणि त्याला हवं असलेलं पाणी आपल्या घरात ठेवलं. ही बाजू घेणं मला सूडापेक्षा अवघड वाटतं, कारण सूड एकदा घेऊन संपतो. पाणी मात्र आटत राहतं.

आपण देवापुढे नारळ फोडतो. अहंकार फुटावा, आतलं सारं देवाला वाहावं, अशी आपली समजूत. तिथे नारळ फोडायचा नाही, कारण पाणी सांडून चालणार नाही. कथेत कुठेही असं म्हटलेलं नाही, की महागिरीच्या अंगाची आग आता विझली. म्हणून घरातलं कुणीतरी, बहुधा थोरली बाई, अधूनमधून त्या खांबाशी जाते, लाल कापड सरकवते, नारळ कानाशी धरून हलवते आणि थांबून ऐकते.